कार्ड स्लॉटच्या क्लॉकची मर्यादा बदलण्यापूर्वी

‘एसडी कार्डचा स्लॉट गेला’ म्हणून आमचा लिनक्स बोर्ड परत आला की आम्ही सोल्डरिंगच्या आधी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे स्लॉट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काय बदललंय ते बघतो. बहुतेक वेळा स्लॉट ठणठणीत असतो आणि तुमचे-आमचे दिवस कुरिअरमध्ये गेलेले असतात.

घडतं ते असं. लॉगमध्ये उणे ८४ यायला लागतो, म्हणजे सीआरसी (डेटा नीट पोचला का ते तपासणारा आकडा) जुळत नाही. क्लॉक, म्हणजे कार्डाशी बोलायचा वेग, उतरवायचा विचार योग्यच आहे. कार्ड एक्स्टेंडर केबलने पॅनेलपर्यंत नेलं असेल तर २५ मेगाहर्ट्झवर येणं बरं. पण ‘क्लॉक २५ वरच पक्का राहू दे’ म्हणून ड्रायव्हरमधल्या एफ-मॅक्स या वरच्या मर्यादेसोबत एफ-मिन ही खालची मर्यादाही २५ केली जाते, आणि तिथेच घोटाळा होतो. कार्ड सुरुवातीला ओळखलं जातं ते ४०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून कमी वेगावर. लिनक्सचा एमएमसी कोअर (कार्ड सांभाळणारा भाग) ४००, ३००, २००, १०० असा उतरत प्रयत्न करतो, मात्र एफ-मिनच्या खाली जात नाही. तुम्ही तो वर नेलात की पहिली कमांडच २५ मेगाहर्ट्झने जाते. कार्ड गप्प बसतं, लॉगमध्ये उणे ११० म्हणजे टाइमआउट येतो, आणि स्लॉट मेल्यासारखा दिसतो.

तेव्हा एफ-मिनला हातच लावू नका. वरची मर्यादा डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे ते लिनक्सला सांगणारी फाइल), स्लॉटच्या नोडखाली मॅक्स-फ्रीक्वेन्सीत द्या. ड्रायव्हर उघडायची गरज नाही. आकडा हर्ट्झमध्ये हवा, २५००००००. नुसता २५ लिहिलात तर तो २५ हर्ट्झ होतो. (हेही बघितलंय.)

मागाल तेवढाच क्लॉक मिळेल असंही नाही. कार्ड चालवणाऱ्या आमच्या कंट्रोलरचा मूळ क्लॉक २०० मेगाहर्ट्झ आहे आणि त्याला भागता येतं ते फक्त सम संख्येने. ४० मागितलेत तर ४ ने भागून ५० येतात, ते जास्त. म्हणून ६ ने भागून ३३.३ मिळतात. डीबग-एफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइल सिस्टिम) त्या होस्टची, म्हणजे कंट्रोलरची, आयओएस फाइल उघडा आणि ‘अ‍ॅक्चुअल क्लॉक’ची ओळ खरी धरा.

‘कार्ड सेकंदाला १०४ मेगाबाइटचं, मग तुम्ही ५० मेगाहर्ट्झवर का अडवता?’ हा नेहमीचा प्रश्न. त्या वेगाला २०८ मेगाहर्ट्झ आणि १.८ व्होल्टचे सिग्नल लागतात. या बोर्डाचा स्लॉट ३.३ व्होल्टचा आहे, त्यामुळे मर्यादा वाढवून काहीच पदरात पडत नाही. चार डेटा लाइनवर ५० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइट. लॉगिंग आणि बूटसाठी ते पुरतं. खरोखर वेग हवा असेल तर आमचा ईएमएमसीवाला (कार्डाऐवजी सोल्डर केलेल्या स्टोरेज चिपचा) बोर्ड घ्या, तो एचएस२०० मोडमध्ये २०० मेगाहर्ट्झवर चालतो.

बोर्ड पाठवण्याआधी आमची मूळ इमेज टाकून, केबल काढून, कार्ड थेट स्लॉटमध्ये घालून बघा. कार्ड सापडलं तर बोर्ड तुमच्याकडेच ठेवा आणि बूट लॉग व डिव्हाइस ट्री ईमेलने पाठवा. ते तपासायचे आम्ही पैसे घेत नाही.