माशातलं फॅट किती टक्के, आणि मोजलं कसं?

कॉड वगैरे पांढऱ्या माशाचं फॅट साठतं लिव्हरमधे, मांसात असतं जेमतेम १ टक्का किंवा त्याहूनही कमी, आणि तेही बहुतेक फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशींच्या पडद्यातलं फॅट. तरी १९५०च्या दशकात फ्रोझन कॉड ठेवून ठेवून कडक आणि कोरडा का होतो यात संशय या एवढ्याशा फॅटवरच होता, कारण बर्फातही एन्झाइम्स फॉस्फोलिपिड तोडत राहतात आणि त्यातून सुटणारी फॅटी ॲसिड्स प्रोटीन बिघडवत असावीत असा अंदाज होता. पण तपासणार कसं? सॉक्सलेट या फॅट काढायच्या काचेच्या उपकरणात ईथरने फॅट काढलं की फॉस्फोलिपिड बरंचसं मांसातच राहतं, आणि १९५७ची क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची पद्धत मूळची मेंदूसाठी, तिला नमुन्याच्या २० पट सॉल्व्हंट, म्हणजे फॅट विरघळवणारा द्रव, लागायचं.

१९५९ मधे कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून जी पद्धत आली ती खरंच सुंदर आहे. कॉडमधे ८० टक्के पाणी असतंच, मग तेच हिशोबात धरलं. १०० ग्रॅम मासा, १०० मिली क्लोरोफॉर्म, २०० मिली मिथेनॉल, सगळं एकजीव होतं. नंतर आणखी १००-१०० मिली क्लोरोफॉर्म आणि पाणी टाकलं की थर वेगळे, फॅट खाली क्लोरोफॉर्ममधे. साधारण १० मिनिटांचं काम!

गोंधळ पुढे झाला. रेसिपी कॉडच्या मापाची होती पण ती सगळीकडे गेली, तेलकट माशांनाही तशीच लावली गेली, आणि अशा माशांत बहुतेक फॅट ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवलेलं तेल असतं, त्याला एवढं मिथेनॉलवालं थोडकं सॉल्व्हंट पुरत नाही. २००१ मधे १९५७ची आणि १९५९ची अशा दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या तेव्हा दिसलं की २ टक्क्यांपर्यंत आकडे जुळतात, त्यापुढे १९५९ची पद्धत कमी दाखवत जाते, सगळ्यात तेलकट नमुन्यात तर जवळपास निम्मं. माझ्या मते दोष रेसिपीचा नाही, न वाचता वापरणाऱ्यांचा आहे, मूळ लिखाणात पाण्याचं प्रमाण बघून माप बदला असं होतं.

आपल्याकडे हे लागू पडतं तारली-बांगड्याला. तारलीचं फॅट सीझनप्रमाणे प्रचंड बदलतं, पावसाळ्यानंतर वाढतं, म्हणजे एकाच जातीचा एक नमुना १९५९च्या पद्धतीला झेपतो आणि दुसरा नाही, आणि तक्त्यात दोन्हीपुढे नुसतं 'फॅट टक्के' छापलेलं. त्यात आता क्लोरोफॉर्म घातक म्हणून हेक्झेन-आयसोप्रोपॅनॉलसारखे पर्यायही वापरात आहेत, त्यांचे आकडेही त्याच रकान्यात जातात.