कलकत्त्याचा गहू, कॅनडाची थंडी

कॅनडाच्या पश्चिमेला सपाट, अफाट, कसदार जमीन होती आणि १८८०च्या दशकात तिथवर रेल्वेही पोचली. घोडं अडलं ते थंडीपाशी. तिथला भरवशाचा गहू 'रेड फाइफ'. त्याचा पाव झकास व्हायचा, पण वाण गरवा, म्हणजे उशिरा पिकणारा. ऑगस्टअखेरीस रात्री दंव गोठायला लागलं की चिकात असलेला, अजून कोवळा दाणा सुरकुतायचा आणि वर्षभराची मेहनत पडत्या भावाने विकावी लागायची.

यावर उपाय शोधायला सरकारने १८८६ मध्ये प्रायोगिक शेतं काढली आणि ती विल्यम साँडर्स यांच्या हवाली केली. हे गृहस्थ मूळचे औषधविक्रेते! त्यांनी देशोदेशीचं बियाणं मागवलं. रशियाचा 'लडोगा' लवकर कापणीला यायचा, पण त्याचं पीठ पिवळट, पाव निकृष्ट. मग संकराकडे मोर्चा वळला आणि १८९२ मध्ये रेड फाइफशी सोयरीक जुळली ती हिंदुस्थानातून आलेल्या 'हार्ड रेड कलकत्ता'ची. उताऱ्याला कमी, पण हळवा, म्हणजे लवकर पिकणारा. आपल्याकडचा रब्बी गहू चैत्राचं ऊन तापायच्या आत उरकावा लागतो. उन्हाला चुकवणारी ही घाई तिकडे दंवाला चुकवायला कामी आली. थंडी सोसणाऱ्या वाणापेक्षा थंडीच्या आधी मोकळं होणारा वाण हवा, ही खरी गोम होती.

हा संकर केला विल्यम यांचा मुलगा पर्सी याने. नाव झालं ते दुसऱ्या मुलाचं, चार्ल्सचं, आणि ते फारसं अन्यायाचं नाही. संकराची पिलावळ बरीच वर्षं सरमिसळ होऊन पडली होती. १९०३ मध्ये सरकारी धान्यसंशोधक झालेल्या चार्ल्सने ती ओंबी-ओंबीने वेगळी केली. तो रसायनशास्त्रातला डॉक्टरेट, पण जीव संगीतात. टोरांटोत गाणं शिकवायचा. वडिलांनी त्याला गव्हाकडे ओढलं.

एकेका ओंबीचे मूठभर दाणे दळायचे कसे? चार्ल्स ते चावून बघायचा. आपल्याकडे पोरं गहू चघळून चिकट गोळा करतात, तसाच. गोळा किती ताणतो, रंग कसा, यावरून पावाची जात ठरायची. पुढे बियाणं वाढल्यावर दळून, भाजून खातरजमा. यातून निवडला गेला 'मार्क्विस', रेड फाइफपेक्षा साधारण आठवडाभर आधी पिकणारा. १९०७ मध्ये तो सस्कॅचेवान प्रांतातल्या इंडियन हेड इथल्या प्रायोगिक शेतात पेरला, १९०९ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. १९११ मध्ये त्याच प्रांतातल्या रॉस्थर्नच्या सीगर व्हीलर या शेतकऱ्याने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात याच गव्हावर १,००० डॉलरचं बक्षीस मारलं. १९२० पर्यंत पश्चिम कॅनडातला सुमारे ९० टक्के गहू मार्क्विस होता.

चार्ल्स १९२२ मध्ये तब्येतीपायी निवृत्त झाला आणि पॅरिसला जाऊन फ्रेंच साहित्य शिकू लागला. १९३४ मध्ये 'सर' किताब मिळाला, १९३७ मध्ये निधन.

एवढा पसारा एकाच वाणावर, हे धोक्याचंच. मार्क्विस खोडावरच्या तांबेऱ्याला, या बुरशीच्या रोगाला, बळी पडायचा. १९१६ च्या साथीने शेतंच्या शेतं पोचट केली. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटाहून आलेल्या 'थॅचर' वाणाने त्याची जागा घेतली. थॅचर दोन संकरांच्या मिलनातून झाला, आणि त्या दोन्हींत एक पालक मार्क्विसच होता.