मुखत्यारपत्र आहे, मग सगळं आपल्याच हातात?

वडिलांना स्मृतिभ्रंश झाला की एखादा मुलगा कपाटातला स्टँपपेपर काढतो: "माझ्याकडे कुलमुखत्यारपत्र आहे, निर्णय मीच घेणार." भावंडंही गप्प बसतात. हा समज जुना आहे आणि चुकीचाही.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०१ पाहा. मुखत्यारपत्र देणारा मानसिकदृष्ट्या अक्षम झाला की दिलेला अधिकार सर्वसाधारणपणे संपतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी कागद निकामी! त्यानंतर कुणी अंगठा उमटवून नवं पत्र करून घेतलं, तर ते कोर्टात टिकणं अवघड.

थोरला मुलगा आपोआप पालक होतो, हेही खरं नाही. १८९० चा पालक कायदा अल्पवयीनांपुरता आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांबाबत बोलू शकतो, फ्लॅट विकू शकत नाही. म्हणून अनेक कुटुंबं पालक नेमून घेण्यासाठी राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. तिथे वैद्यकीय अहवाल तपासला जातो, इतर वारसांचं म्हणणं विचारलं जातं, आणि नेमलेल्या पालकाला हिशेबही द्यावा लागू शकतो. बहिणीला अंधारात ठेवून अर्ज केला, की खरी जुंपते ती इथे.

आणि बँकेतलं नॉमिनेशन? ते खातेदार गेल्यावरच कामाला येतं.