संधिवाताची स्टेरॉइड गोळी घेताय? एवढं वाचून घरी जा

सदाशिव पेठेतल्या आमच्या औषधाच्या दुकानात थंडी पडली की एक वाक्य रोज ऐकू येतं : "चार दिवसांत बोटं मोकळी झाली, तीच गोळी अजून एक स्ट्रिप द्या." डॉक्टरांच्या चालू चिठ्ठीशिवाय आम्ही ती देत नाही. काहींना राग येतो, म्हणून कारण इथे लिहितो आहोत.

आमवातात (संधिवाताचा एक प्रकार, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तिथल्या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-६ अशी रसायनं सोडून एकमेकींना निरोप धाडतात, आणखी पेशी गोळा होतात, सांधा सुजतो. सकाळी पोळपाटावर लाटणं धरवत नाही, ते यामुळे. प्रेडनिसोलोन, म्हणजे हीच स्टेरॉइडची गोळी, पेशीत शिरून तिथल्या ग्राहक-प्रथिनाला चिकटतं आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते. निरोपाची रसायनं बनवायला लावणारा 'एनएफ-कप्पाबी' हा घटक ती तिथे दाबून धरते. नेहमीची वेदनाशामक गोळी मुख्यतः प्रोस्टाग्लँडिन या एकाच रसायनाला अडवते. स्टेरॉइड एका दमात अनेक निरोप थांबवतं. म्हणून आराम इतका ठळक वाटतो.

1948 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातावर कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं, तेव्हा जेमतेम हलू शकणारी रुग्ण काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण औषध थांबवलं की दुखणं परत येतं, हेही तेव्हाच दिसलं होतं.

शिवाय हे औषध फक्त सांध्यापाशी थांबत नाही. साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, क्षयासारखा दबलेला संसर्ग डोकं वर काढू शकतो. मधुमेह असेल तर आधी सांगा, कृपा करून.

सगळ्यात कळकळीचं : गोळी तीन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी तोवर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. अचानक थांबल्यास चक्कर, उलट्या, जिवावर बेतण्याइतका अशक्तपणा येऊ शकतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

गोळी सहसा सकाळी, नाश्ता झाल्यावर घ्यायची. सोबत मेथोट्रेक्सेट (आमवात आटोक्यात ठेवणारं औषध) लिहिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज नाही! त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात; तोवरचा पूल म्हणून स्टेरॉइड असतं.

कुणी नाव नसलेली 'आयुर्वेदिक' पुडी दिली आणि दोन दिवसांत जादू झाली, तर ती पुडी डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. चिठ्ठी आणि उरलेल्या गोळ्या घेऊन दुपारी या, तेव्हा गर्दी नसते. बसून समजावून सांगू.