ट्रायपॉडवरची ३८ मिलिमीटरची पट्टी

कॅमेरा ट्रायपॉडवर स्क्रूने बसवण्यासाठी त्याच्या तळाला असलेलं भोक जगभर एकाच मापाचं असतं: पाव इंच व्यास, इंचाला २० आटे. आपल्याकडचा फिटर त्याला सरळ दोन सुती म्हणेल; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जड कॅमेरे आणि ट्रायपॉडची हेड (कॅमेरा धरून वळवणारा वरचा भाग) यांच्यासाठी तीन सुती, म्हणजे ३/८ इंची. या मापांचं मूळ जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात मांडलेल्या आट्यांच्या पद्धतीत आहे. पुढे आट्यांचा कोन ५५ अंशांवरून अमेरिकी ६० अंशांवर गेला, पण इंचाला २० हा आकडा टिकला. त्यामुळे आजोबांच्या काळातला कॅमेराही आजच्या ट्रायपॉडवर बहुधा विनातक्रार बसतो. आता आयएसओ १२२२ या आंतरराष्ट्रीय मानकात ही जोडणी लिहून ठेवलेली आहे.

स्क्रू भरवशाचा, पण वेळखाऊ. आट्याचं अंतर १.२७ मिलिमीटर, म्हणजे पाच मिलिमीटर आत जायला चार फेरे. एका हातात लेन्ससकट कॅमेरा तोलायचा, दुसऱ्या हाताने खालून चाकी फिरवायची, आणि पहिला आटा तिरका लागला की पुन्हा पहिल्यापासून. ज्याला कॅमेरा सतत हातात घ्यावा आणि परत ट्रायपॉडवर ठेवावा लागतो, त्याचा यात जीव जातो. त्यातून क्विक रिलीज प्लेट आली. स्क्रू एकदाच घट्ट करून प्लेट कॅमेऱ्यालाच लावून ठेवायची आणि ती प्लेट हेडवर अडकवायची.

इथून मात्र एकवाक्यता संपली. प्रत्येक कंपनीने आपापल्या आकाराची प्लेट काढली, आणि प्लेट घरी राहिली की ट्रायपॉड नेऊनही उपयोग नाही, अशी अवस्था झाली. त्यातली फार पसरलेली प्लेट मॅनफ्रोटोची. इटलीतल्या बासानो देल ग्राप्पा इथले लीनो मॅनफ्रोटो स्वतः फोटोग्राफर होते, आणि त्यांच्या कंपनीची आरसी२ ही प्लेट हाताळायला खरोखर सुखाची आहे. चौकोनी प्लेट खाचेत ठेवून दाबली की लिव्हर आपोआप खटकन बंद होतो. शेजारचा छोटा पितळी खटका तो चुकून उघडू देत नाही. वेगात तिला तोड नव्हती. पण तिची लांबी, रुंदी, कडा सगळं ठरलेलं. कॅमेरा मोठा असो वा छोटा, प्लेट तीच, आणि बसायची जागाही तीच.

दुसरी वाट आर्का-स्विसची. १९२६ मध्ये झुरिकमध्ये सुरू झालेली ही कंपनी व्ह्यू कॅमेऱ्यांसाठी, म्हणजे भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यांसाठी नावाजलेली. पुढे ती फ्रान्समधल्या बेझाँसोनला गेली. तिच्या बॉलहेडवरची (गोळ्यावर कुठेही वळणाऱ्या हेडवरची) प्लेट म्हणजे दोन्ही कडा ४५ अंशांत कापलेली, सुमारे ३८ मिलिमीटर रुंद धातूची पट्टी. तिरक्या कडांची ही डव्हटेल रचना लेथ यंत्राच्या सरकत्या भागांमध्ये फार आधीपासून वापरात होती. हेडवरच्या क्लॅम्पचे, म्हणजे पट्टी धरणाऱ्या चिमट्याचे, दोन जबडे जवळ आले की तिरक्या कडांमुळे पट्टी नुसती पकडली जात नाही, तर खाली ओढली जाऊन क्लॅम्पवर घट्ट बसते.

माझ्या मते ही प्लेट जिंकली ती पकडीपेक्षाही एका मोकळीकीमुळे. रुंदी ठरलेली, लांबीला बंधन नाही. अमेरिकेतल्या रिअली राइट स्टफ आणि कर्क या कंपन्यांनी ती मोकळीक ओळखली. त्यांनी प्रत्येक कॅमेऱ्याच्या तळाला नेमक्या बसणाऱ्या प्लेटा काढल्या. प्लेटची कड कॅमेऱ्याला अडत असल्याने तो स्क्रूभोवती फिरेना. मग एल आकाराची प्लेट आली. उभा फोटो घ्यायचा तर हेड बाजूला कलंडवण्याऐवजी कॅमेराच काढून आडव्याचा उभा लावायचा, म्हणजे वजन ट्रायपॉडच्या मधोमध राहतं. टेलिफोटो लेन्सखाली लांब पट्टी लावली की ती क्लॅम्पमध्ये पुढेमागे सरकवून तोल साधता येतो. मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून फोटो घेताना, कॅमेरा पुढेमागे सरकवणारा रेल, पॅनोरमासाठीची पट्टी, सगळं त्याच क्लॅम्पमध्ये. ठरीव चौकोनी प्लेटमध्ये यातलं बरंचसं शक्यच नव्हतं.

या यशात एक उणीव राहून गेली. स्क्रूला आयएसओ आहे, या पट्टीला तसं मानक नाही. एका कंपनीचा आकार बाकीच्यांनी मोजून उचलला, त्यामुळे रुंदीत थोडाफार फरक पडतो. चाकी फिरवून आवळायचा क्लॅम्प तो फरक सामावून घेतो, कारण हवा तेवढा आवळता येतो. लिव्हरच्या क्लॅम्पची चाल ठरलेली असते. तिथे एखादी प्लेट सैल राहते, एखादी आत जातच नाही. स्वस्त प्लेट आणि लिव्हरचा क्लॅम्प वेगवेगळ्या कंपन्यांचे घेणार असाल, तर दुकानातच कॅमेरा लावून हलवून बघा. प्लेटच्या टोकांना खालून छोटे स्टॉप स्क्रू आहेत का, तेही पाहा. क्लॅम्प थोडा ढिला झाला तर पट्टी सरकून कॅमेरा खाली पडण्यापासून तेच वाचवतात.

पुढे मॅनफ्रोटोनेही आपल्या आणि आर्का अशा दोन्ही क्लॅम्पमध्ये बसणारी प्लेट काढली. टॅमरॉन आणि सिग्मा या लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांनी काही टेलिफोटो लेन्सच्या पायालाच डव्हटेल कापून दिली. अशा लेन्सला वेगळी प्लेट लागतच नाही.