माजी सैनिकांचा अपराधभाव आणि टॉक थेरपी: पार्श्वभूमी

व्हिएतनामहून परतलेले काही तरुण १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये छोट्या गटांत जमून बोलू लागले. या बैठकांना 'रॅप ग्रुप' म्हणत. मानसोपचारतज्ज्ञही बसत, पण बोलायचं सैनिकांनी. 'तो गेला, मी का उरलो' आणि 'माझ्या हातून ते झालंच कसं' हे तिथे पुन्हा पुन्हा निघे. १९८० मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात पीटीएसडीला (भीषण प्रसंगानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराला) जागा मिळाली, तेव्हा लक्षणांमध्ये हा अपराधभाव स्पष्ट लिहिलेला होता: इतर मेले आणि आपण वाचलो याचा, आणि वाचण्यासाठी जे करावं लागलं त्याचाही.

त्या वर्गीकरणाच्या १९८७ च्या सुधारित आवृत्तीत अपराधभाव मुख्य लक्षणांमधून निघाला. १९९४ च्या आवृत्तीने निदानासाठी भीती, असहायता किंवा थरकाप यांची अट घातली. अपराधभाव आणि लाज लक्षणांत परतली ती थेट २०१३ मध्ये. मधल्या २६ वर्षांत आजचे प्रमुख उपचार घडले आणि रुजले, म्हणून हे वगळणं मला फार महागात पडलेलं वाटतं.

पीटीएसडीच्या उपचारांत आज ज्यांची तुलना होते त्या दोन्ही पद्धती, प्रोलाँग्ड एक्सपोजर आणि कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग, १९८० च्या दशकात बलात्कारपीडित स्त्रियांसोबत काम करताना आकाराला आल्या. प्रोलाँग्ड एक्सपोजरमध्ये माणूस डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, 'मी' म्हणून सांगतो. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकतो, आणि टाळलेल्या जागी हळूहळू जाऊ लागतो. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंगमध्ये कागद पुढे असतो: काय घडलं, मी मनाशी काय म्हटलं, मला काय वाटलं. मग त्या 'काय म्हटलं'ची उलटतपासणी होते.

पीडितेच्या मनातला 'माझंच चुकलं' हा विचार खोटा असतो, दोष दुसऱ्याचा असतो. तो विचार उकलून दाखवणं हाच उपचार. पण इराकमधल्या चेकपोस्टवर न थांबलेल्या गाडीवर ज्याने गोळ्या झाडल्या आणि दार उघडल्यावर ज्याला आत मुलं दिसली, त्याचं काय? थेरपिस्ट त्याला म्हणेल की ही पश्चातबुद्धी आहे, त्या क्षणी तुला हे ठाऊक नव्हतं. पुष्कळदा ते खरंच असतं आणि त्याने माणूस सुटतो. पण काहींच्या मनाला जे खातं, ते चुकीच्या समजातून आलेलं नसतं. १९९१ मध्येच एका शोधनिबंधात व्हिएतनामच्या सहा सैनिकांची उदाहरणं आली होती. एक्सपोजरच्याच जातीच्या 'फ्लडिंग' उपचारात त्यांची अवस्था बिघडली होती, आणि कारणांत अपराधभाव व लाजही होती. तरी २००६-०७ पासून या दोन्ही पद्धती माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतून अमेरिकाभर नेल्या गेल्या.

इथेच 'मॉरल इंज्युरी' या शब्दाचा गुंता येतो. १९९४ मध्ये त्याचा अर्थ होता विश्वासघात: अधिकारावरच्या माणसाने, जिवावरच्या प्रसंगी, जे न्याय्य त्याला दिलेला दगा. २००९ च्या मांडणीत मध्यभागी सैनिक स्वतः आला: त्याने केलेलं, त्याला न रोखता आलेलं, त्याने पाहिलेलं. पहिल्या अर्थाने बोट वर जातं, दुसऱ्याने स्वतःकडे वळतं. मराठीत आपण दोन्हींना 'नैतिक इजा' म्हणून मोकळे होतो. मला दुसऱ्या अर्थासाठी 'सल' जास्त जवळचा वाटतो. निदानांच्या यादीत मात्र 'मॉरल इंज्युरी' आजार म्हणून आलेली नाही. दुसऱ्या अर्थातून निघालेल्या 'अडॅप्टिव्ह डिस्क्लोजर'मध्ये सैनिक डोळे मिटून मेलेल्या सोबत्याशी, किंवा ज्याचा शब्द तो मानतो अशा क्षमाशील वडीलधाऱ्याशी बोलतो. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंगवाल्यांचं उत्तरही ऐकायला हवं: हेतू, जबाबदारी आणि अनपेक्षित घटना यांत ते फरक करतात, आणि हेतू असेल तिथे अपराधभाव योग्यच मानतात.

२०२२ मध्ये ९१६ माजी सैनिकांवर दोन्ही प्रमुख पद्धतींची थेट तुलना प्रसिद्ध झाली. एक्सपोजर किंचित सरस ठरलं, पण रुग्णाला जाणवावा एवढा तो फरक नव्हता. आणि ते अर्ध्यावर सोडणारे सुमारे ५६ टक्के, तर दुसऱ्या पद्धतीत ४७ टक्के. मुख्य मोजमाप पीटीएसडीच्या तीव्रतेचं होतं, अपराधभावाचं नव्हे. त्याच वर्षी खास अपराधभावासाठी घडवलेल्या सहा सत्रांच्या उपचाराची १४५ जणांवरची चाचणी आली आणि तिथे अपराधभाव कमी झाला. पण तुलना होती ती आधार देणाऱ्या साध्या समुपदेशनाशी, त्या दोन मोठ्या पद्धतींशी नव्हे.