लिंबाचा वास आधी का उडतो?

परफ्यूम फवारलं की आधी जाणवतो तो लिंबू-संत्र्याचा तजेलदार वास. परफ्यूमर त्याला टॉप नोट म्हणतात. पाव-अर्ध्या तासात तो विरतो, मग फुलांचे वास पुढे येतात आणि शेवटी लाकूड, व्हॅनिला, कस्तुरी रेंगाळत राहतात. हे वर्णन ऐकून वाटतं, की तीन वास पाळीपाळीने बाहेर पडत असावेत. तसं नसतं. सगळे घटक पहिल्या क्षणापासून एकदमच उडत असतात, फरक फक्त वेगाचा. कस्तुरीचे थोडे रेणू पहिल्या श्वासातही असतात, पण लिंबाच्या गर्दीत ते लपून जातात.

हा वेग कशावर ठरतो? ‘हलके रेणू लवकर उडतात’ हे उत्तर सर्रास दिलं जातं, पण ते अपुरं आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं. त्याचा रेणुभार 136, तर व्हॅनिलाला वास देणाऱ्या व्हॅनिलिनचा 152. म्हणजे वजनात फारसा फरक नाही. तरीही खोलीच्या तापमानाला लिमोनीनचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा कल, व्हॅनिलिनच्या हजारो पट असतो! खरी गोष्ट आहे रेणूंच्या आपसातल्या ओढीची. लिमोनीनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन सोडून काहीच नाही, त्यामुळे त्याचे रेणू एकमेकांना सैलच धरतात. व्हॅनिलिनच्या रेणूत ऑक्सिजन असलेले गट आहेत. त्यांच्यामुळे रेणूंत हायड्रोजन बंध जुळतात आणि पकड इतकी घट्ट होते, की एरवी हा पदार्थ स्फटिकरूपातच असतो. लॅव्हेंडरमधलं लिनालूल या दोघांच्या मधलं: रेणुभार 154, ऑक्सिजनचा अणू एकच. उडण्याच्या वेगातही ते मधेच बसतं. वासाचं आयुष्य रेणूच्या रचनेत असं लिहिलेलं असावं, हे मला विलक्षण सुंदर वाटतं.

अर्थात लवकर उडणं म्हणजे तीव्र वास नव्हे. परफ्यूममधलं अल्कोहोल सगळ्यांच्या आधी उडतं, पण त्याचा वास क्षणभरच जाणवतो. उलट ग्रेपफ्रूटमधल्या एका गंधकयुक्त संयुगाचा अगदी नगण्य अंशही नाकाला पुरतो.

त्वचेच्या उबेने हा सगळा प्रवास आणखी वेगाने होतो. म्हणून कागदी पट्टीवरचा पहिला वास घेऊन परफ्यूमची निवड करू नये. मनगटावर लावून निदान तासभर थांबावं, कारण दिवसभर सोबत राहणारा वास तेव्हा कुठे समोर येतो.

फरीना कुटुंबाचा व्यवसाय 1709 मध्ये कोलोन शहरात सुरू झाला आणि जोहान मारिया फरीना याचं लिंबूवर्गीय सुगंधी पाणी युरोपभर गाजलं. तो ताजेपणा अल्पजीवी असणं स्वाभाविकच होतं. तो लांबवायचा तर नुसतं लिंबाचं तेल वाढवून फारसं साधत नाही. तसाच वास देणारा, पण सावकाश उडणारा रेणू लागतो. ग्रेपफ्रूटमधलंच नूटकेटोन असा एक रेणू आहे. त्याचा रेणुभार 218 आहे, आणि लिमोनीन उडून गेल्यावरही ते फळाची आठवण बराच वेळ टिकवून ठेवतं.